पाच वाजले, म्हणजे काय वाजले?

कयाधू नदीच्या काठी वसलेल्या एका लहानशा गावात मी शिक्षक होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. आज तो भाग हिंगोली जिल्ह्यात मोडतो. त्या काळी तो परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. आमच्या शाळेला पितळी घंटा नव्हती. अंगणातील कडुनिंबाच्या फांदीला लोहमार्गाच्या रुळाचा एक तुकडा साखळीने टांगलेला होता आणि तो वाजवण्यासाठी एक लोखंडी कांब होती. सातवीतील एका मुलाकडे घंटा देण्याचे काम सोपवलेले असे. कार्यालयातील घड्याळ पाहावे, गुरुजींना विचारावे आणि टोले द्यावेत, असा त्याचा नेम होता.

एके दिवशी मी वर्गात कविता शिकवत होतो. शिकवण्यात अगदी रंगून गेलो होतो. तो मुलगा दाराशी येऊन म्हणाला, “गुरुजी, एक वाजला.” एक वाजता मधली सुट्टी होत असे. मी हातानेच त्याला थांबवले आणि म्हणालो, “थांब, एवढे कडवे संपू दे.” एक कडवे संपले, दुसरे सुरू झाले. कविता पुरी झाली तेव्हा वीस मिनिटे उलटून गेली होती. मग टोले पडले आणि मुले अंगणात धावली.

तो मुलगा मात्र माझ्याजवळ रेंगाळला. काहीसे भीत भीत त्याने विचारले, “गुरुजी, मघाशी मी ‘एक वाजला’ असे म्हणालो, पण वाजले तर काहीच नव्हते! घड्याळाचा काटा नुसता फिरतो. मग ‘वाजला’ असे का म्हणायचे?”

प्रश्न साधा होता. पण मला उत्तर सुचेना. इतक्यात फाटकातून एक म्हातारी आत आली. तिच्या खांद्यावर तिचा नातू होता. त्याचे अंग तापाने फणफणले होते. त्याला घेऊन ती हिंगोलीच्या दवाखान्यात निघाली होती. तिच्या घरी घड्याळ नव्हते. शाळेची घंटा झाली, की घरून निघावे, म्हणजे सव्वाच्या एस. टी. ला पाच मिनिटे राखून फाट्यावर पोहोचता येते, हा तिचा नेहमीचा हिशेब होता. तिच्या आवाजात राग नव्हता. ती एवढेच म्हणाली, “आज तास उशिरानं वाजला, गुरुजी. गाडी गेली की निघून.”

मी शरमेने मान खाली घातली. शेजारच्या शेतकऱ्याकडून बैलगाडी जुंपून घेतली आणि आजीला व मुलाला हिंगोलीस पोहोचवले. चार दिवसांनी मूल खडखडीत बरे झाले, हे आमचे भाग्य! परंतु त्या दिवशी आजींच्या तोंडचे एक वाक्य माझ्या मनात घर करून राहिले: ‘तास उशिरा वाजला.’ विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्या निरक्षर आजींच्या बोलण्यातच दडलेले होते.

‘तास’ म्हणजे साठ मिनिटे, असे आपण आज समजतो. साठ मिनिटे सरतात, जातात. ती वाजत नाहीत. पण आजी ‘तास’ म्हणाल्या तो रुळाच्या त्या तुकड्याला. हाच या शब्दाचा जुना अर्थ आहे. तास हा शब्द अरबी-फारसीमधून मराठीत आला. तेथे ‘तास’ म्हणजे धातूचे भांडे, वाडगा. मराठीत आल्यावर टोले देण्यासाठी टांगलेल्या धातूच्या थाळीला तास म्हणू लागले. ठराविक वेळाने ती थाळी वाजे. पुढे दोन टोल्यांमधील वेळेलाच तास हे नाव पडले. वाजणारी वस्तू मागे राहिली आणि तिचे नाव वेळेला चिकटले. मिरवणुकीत ढोलाबरोबर वाजणारा ताशा हाही याच घराण्यातला शब्द आहे.

आता ‘एक वाजला’, ‘दोन वाजले’ या वाक्यांकडे पुन्हा पाहा. काय वाजले? एक टोला वाजला, दोन टोले वाजले. टोला हा शब्द आपण बोलण्यातून गाळला; पण क्रियापदाने आपले जुने काम सोडलेले नाही.

येथे तुम्ही विचाराल, की तास वाजवणाऱ्याला तरी वेळ कशी कळत असे? यंत्राचे घड्याळ येण्यापूर्वी आपल्या देशात हे काम पाण्याकडे सोपवलेले होते. तांब्याची एक पातळ वाटी घेत. तिच्या बुडाला बारीक छिद्र असे. ही वाटी मोठ्या भांड्यातील पाण्यावर अलगद सोडत. छिद्रातून थेंब थेंब पाणी आत शिरे, वाटी हळूहळू भरे आणि शेवटी बुडे. ती बुडाली, की एक घटका झाली. या पात्राला घटिकापात्र म्हणत. घट म्हणजे घडा, आणि घटिका म्हणजे लहान घडा. म्हणजे येथेही भांड्याचे नाव वेळेला मिळाले. ‘घटका भरली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या वाटीत खरोखरच पाणी भरत होते, हे ध्यानात ठेवावे. लग्नात मुहूर्ताची वेळ साधण्यासाठी घटिकापात्र मांडण्याची प्रथा आपल्याकडे होती. ‘घटकाभर बसा’, ‘अखेरच्या घटका मोजणे’ हे शब्दप्रयोगही याच वाटीतून बाहेर पडले आहेत.

एक दिवस व एक रात्र मिळून साठ घटका होत. एका घटकेची साठ पळे आणि एका पळाची साठ विपळे. आजच्या हिशेबाने घटका म्हणजे चोवीस मिनिटे, आणि पळ म्हणजे चोवीस सेकंद. अडीच घटकांचा एक तास होतो. दिवसाचे चार व रात्रीचे चार असे आठ प्रहर मानत. ‘अष्टौप्रहर’ म्हणजे रात्रंदिवस, असे आपण म्हणतो ते यावरूनच. प्रहर या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ फार बोलका आहे. ‘प्रहार’ म्हणजे आघात, आणि ‘प्रहर’ हा त्याचाच भाऊ. थाळीवर आघात करून ज्या कालभागाची सूचना देत, तो प्रहर. तेव्हा वेळ ‘वाजण्याची’ कल्पना आपल्याकडे काही फारशीबरोबर आलेली नाही. ती त्याहूनही जुनी आहे.

घटका वाजवण्याची ही पद्धत प्रत्यक्ष पाहिलेल्या एका परदेशी माणसाने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. तो माणूस म्हणजे मोगल बादशहा बाबर. १५२६ मध्ये त्याने दिल्लीचे राज्य जिंकले. आपल्या आत्मवृत्तात तो सांगतो, की हिंदुस्थानातील मोठ्या गावांतून एक जाड पितळी थाळी उंच जागी टांगलेली असते. तिला घडियाल म्हणतात आणि ती वाजवण्यासाठी नेमलेल्या माणसांना घडियाली म्हणतात. पाण्यातील वाटी भरली, की ते टोले देतात. प्रहर संपला, की प्रथम पुष्कळ टोले घाईघाईने देतात आणि मग थांबून कितवा प्रहर झाला ते वाजवतात.

बाबराला या पद्धतीत एक उणीव दिसली. रात्री मध्येच एखाद्याला जाग आली आणि तीन-चार टोले कानी पडले, तर घटका कळत. पण त्या कितव्या प्रहरातल्या, हे कसे कळावे? म्हणून त्याने आज्ञा केली, की घटकांचे टोले देऊन झाले, की क्षणभर थांबून प्रहराचेही टोले द्यावेत. अंधारात जागा झालेला माणूस केवळ ऐकूनच वेळ ओळखू शकला पाहिजे, हा त्यामागील विचार होता. एवढ्या मोठ्या बादशहाला अशा बारीक गोष्टीत लक्ष घालावेसे वाटले, याचे मला फार कौतुक वाटते.

आपला ‘घड्याळ’ हा शब्द या घडियालाचाच सखा आहे. आज भिंतीवर टांगतो ते घड्याळ टिकटिक करते, मनगटावरचे तर तेवढेही करत नाही. पण दोघांच्याही नावात ती घटका आणि ती थाळी बसलेली आहे. पहाटे उठण्यासाठी आपण घड्याळाला ‘गजर’ लावतो. हाही शब्द टोल्यांच्या दुनियेतला आहे. गजर म्हणजे एकामागून एक होणारा मोठा नाद. हिंगोलीजवळचे नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. तेथे टाळमृदंगांच्या साथीने होणारा नामाचा गजर आणि तुमच्या घड्याळाचा गजर, शब्द एकच!

आता आपण आपल्या देशाबाहेर जाऊ. इंग्रजीत घड्याळाला ‘क्लॉक’ म्हणतात. हा शब्द तुम्ही रोज ऐकता. पण त्याचा मूळ अर्थ ऐकलात तर तुम्हांला आश्चर्य वाटेल. क्लॉक म्हणजे घंटा! मध्ययुगातील लॅटिन भाषेत घंटेला ‘क्लोका’ म्हणत. जर्मन भाषेत घंटेला आजही ‘ग्लोके’ म्हणतात आणि फ्रेंच भाषेत ‘क्लोश’. युरोपातील मठांतून व प्रार्थनामंदिरांतून प्रार्थनेच्या वेळा घंटा वाजवून कळवत. चौदाव्या शतकात वजनाच्या साहाय्याने चालणारी मोठी यंत्रे तेथे बसवली जाऊ लागली, तेव्हा त्या यंत्रांचे मुख्य काम घंटा वाजवणे हेच होते. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथे असे एक प्राचीन घड्याळ जपून ठेवलेले आहे. ते १३८६ च्या सुमाराचे मानले जाते. त्याला तबकडी नाही, काटे नाहीत. ते पाहायचे घड्याळ नव्हेच. ते ऐकायचे घड्याळ आहे!

इंग्रजीत ‘पाच ओ’क्लॉक’ असे म्हणतात. त्यातील ‘ओ’ हे ‘ऑफ द’ या शब्दांचे झिजलेले रूप आहे. ‘पाच ओ’क्लॉक’ म्हणजे ‘घड्याळाचे पाच’. सावलीवरून वेळ सांगण्याची रीत तेव्हा चालू होती. तिच्याहून ही वेळ निराळी आहे, हे दाखवण्यासाठी असे म्हणावे लागे. पण ‘क्लॉक’ या शब्दाचे मूळ आठवले, तर त्या ‘घड्याळाचे पाच’ यातूनही घंटेचे पाच टोले ऐकू येतात. आणि आपण काय म्हणतो? ‘पाच वाजले.’ इंग्लंडमधील शेतकरी आणि कयाधूकाठची आजी एकमेकांना कधी भेटली नाहीत. पण दोघांच्याही भाषेने वेळेला नाव दिले ते तिच्या आवाजावरून. ज्याला वेळ हवी, तो तिच्यासाठी कान देत असे.

मनगटी घड्याळाला इंग्रजीत ‘वॉच’ म्हणतात. वॉच याचा जुना अर्थ जागणे, राखण करणे, पहारा देणे असा आहे. रात्रीचे भाग पाडून पहारेकरी पाळीपाळीने जागत. मराठीतील ‘पहारा’ हा शब्दही ‘प्रहर’ या शब्दापासूनच आला आहे. एका प्रहराची राखण ती पहारा. पाहा, दोन्ही भाषांनी वेळेचा संबंध जागे राहणाऱ्या माणसाशी जोडला आहे! सगळे गाव झोपलेले असते तेव्हा कोणीतरी एक जण जागा असतो, वाटी भरण्याची वाट पाहत असतो, म्हणून इतरांना वेळ कळते.

इंग्रजीतील ‘अवर’ म्हणजे तास. हा शब्द मूळचा ग्रीक ‘होरा’. ग्रीकांशी संबंध आल्यावर हाच शब्द आपल्या ज्योतिषातही शिरला. दिवस व रात्र मिळून चोवीस होरा होतात. आज आपण ‘माझा होरा चुकला’ असे म्हणतो, तेव्हा होरा म्हणजे अंदाज असा अर्थ घेतो. परंतु तो ‘अवर’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मिनिट व सेकंद हे शब्द लॅटिनमधले. मिनिट म्हणजे पहिला बारीक भाग आणि सेकंद म्हणजे दुसरा. एका गोष्टीचे साठ भाग, त्यातील एका भागाचे पुन्हा साठ भाग, ही विभागणी आपल्या घटका-पळ-विपळांसारखीच आहे.

एक काळ असा होता, की प्रत्येक गावाची वेळ वेगळी असे. आपल्या गावी सूर्य आकाशात सर्वांत उंच आला, की आपले बारा वाजले. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडील गावी दुपार आधी होते. एका रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. हिंगोली व मुंबई यांच्या वेळांत या हिशेबाने सुमारे सतरा मिनिटांचे अंतर पडे. बैलगाडीने जाणाऱ्याला त्याचे काही वाटत नसे. पण आगगाड्या धावू लागल्या आणि हा गोंधळ चालेना. प्रथम बहुतेक लोहमार्गांनी मद्रासची वेळ स्वीकारली. पुढे १९०६ पासून साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरची वेळ ही साऱ्या देशाची प्रमाणवेळ ठरली. म्हणून आज आपल्या हिंगोलीत घड्याळात बारा वाजतात, तेव्हा सूर्य सर्वांत उंच यायला सरासरीने एकवीस मिनिटे उरलेली असतात. ऋतूप्रमाणे हा फरक थोडा कमीजास्त होतो. अंगणात काठी रोवून तुम्ही हे स्वतः पाहू शकता. काठीची सावली सर्वांत आखूड होते ती केव्हा, तेवढे टिपून ठेवावे.

मुंबईच्या लोकांना ही नवी वेळ सहजी मान्य झाली नाही. त्यांची स्वतःची वेळ प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटांनी मागे होती. आपल्या सूर्याची वेळ सोडून सरकारने ठरवलेली वेळ का पाळावी, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई महानगरपालिकेने तर पुढे अनेक वर्षे जुनी मुंबई वेळच चालवली. इतकी वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या! अखेर सर्वांनी एक वेळ मानली, कारण वेळ एकट्याची असून भागत नाही. गाडी पकडणारा आणि गाडी सोडणारा यांची वेळ एकच असावी लागते.

माझ्या हातून त्या दिवशी नेमकी हीच चूक झाली होती. मला वाटले, की वर्ग माझा, कविता माझी, म्हणून वेळही माझी. पण कडुनिंबाला टांगलेला तो तास शाळेपुरता नव्हता. त्याच्या टोल्यावर कोणी भाकरी घेऊन शेताकडे निघत असे, कोणी गुरे पाण्यावर नेत असे, आणि एक आजी आजारी नातवाला उचलून फाट्याकडे चालू लागत असे. यांपैकी कोणालाही मी ओळखत नव्हतो. ते सारे मात्र माझ्यावर विसंबून होते.

दुसऱ्या दिवशी मी आजींच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, “असू द्या, गुरुजी. शिकवता शिकवता भान राहत नाही माणसाला.” नंतर शाळेत येऊन मी त्या मुलाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर सांगितले आणि त्याबरोबर एक नियमही घालून दिला: वेळ झाली, की घंटा द्यायची. गुरुजी काहीही शिकवत असोत, त्यांना विचारण्यासाठी थांबायचे नाही.

तो मुलगा वर्षभर तो नियम पाळत राहिला. कधी कधी माझे वाक्य अर्धेच राही आणि बाहेर टोला पडे. मी पुस्तक मिटून ठेवी. उरलेली कविता दुसऱ्या दिवशी शिकवता येत असे.

स्वाध्याय

१. ‘आज तास उशिरानं वाजला’ या आजींच्या वाक्यात ‘तास’ या शब्दाचा कोणता अर्थ आहे? हाच शब्द पुढे वेळेसाठी कसा वापरला जाऊ लागला?

२. घटिकापात्राची रचना व त्याचे काम तुमच्या शब्दांत सांगा. एका दिवसरात्रीत ती वाटी किती वेळा भरत असे?

३. बाबराने टोले देण्याच्या पद्धतीत कोणती सुधारणा केली? का केली?

४. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत वापरा: घटका भरणे, अखेरच्या घटका मोजणे, अष्टौप्रहर, होरा चुकणे.

५. शेवटी गुरुजींनी घालून दिलेला नियम तुम्हांला योग्य वाटतो का? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.

६. तुमच्या गावात पूर्वी लोकांना वेळ कशी कळत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांनी वापरलेले वेळेसंबंधीचे शब्द वहीत टिपून ठेवा.